न उडणारे विमान

पोहायला शिकणारे मूल प्रथम विहिरीच्या पायरीशीच, पाठीला भोपळा बांधून हातपाय मारते. सायकल शिकणारा मुलगा चारदोनदा पडतो, गुडघे फोडून घेतो आणि पुन्हा उठून सायकलीवर बसतो. कोणतीही विद्या चुका करीत करीतच हस्तगत होत असते. परंतु विमान चालवण्याच्या विद्येची गोष्ट एके काळी निराळी होती. आकाशाला उथळ पाण्याचा काठ नाही. तेथे नवशिक्याच्या हातून घडलेली पहिली चूक पुष्कळदा त्याची अखेरची चूक ठरे. या विद्येला ज्याने सुरक्षित काठ बांधून दिला, तो एडविन लिंक हा वाद्यांच्या कारखान्यातील एक कारागीर होता.

एडविनचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हंटिंग्टन या गावी झाला. त्यापूर्वी सातच महिने राइट बंधूंनी आपले पहिले विमान आकाशात उडवले होते. विमानाचे आणि एडविनचे बालपण असे बरोबरीनेच सुरू झाले. १९१० साली त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या शहरी आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचा एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला आणि लिंक कुटुंब तेथे राहावयास गेले.

त्या कारखान्यात पियानो आणि ऑर्गन तयार होत. आपल्याकडील बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे या वाद्यांच्या पोटात लहानमोठे पुष्कळ भाते असत. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरे. कागदातील भोक नळीच्या तोंडासमोर आले, की हवेला वाट मिळे, त्या नळीचा भाता मिटे आणि त्याच्या ओढीने योग्य तो सूर वाजे. हवा, झडपा आणि भाते यांचा हा खेळ एडविन लहानपणापासून पाहत होता. पुढे तो याच कारखान्यात काम करू लागला. विद्यापीठाची पदवी त्याने मिळवली नाही. परंतु बिघडलेल्या वाद्याचा दोष शोधून काढण्यात त्याचा हातखंडा झाला.

या वाद्यांइतकेच दुसरे एक वेड त्याला लागले होते. ते विमानाचे. १९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने लॉस एंजेलिस येथे पन्नास डॉलर मोजून विमानविद्येचा पहिला धडा घेतला. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. शिक्षकाने त्याला विमानात बसवून आकाशात कोलांट्या मारून दाखवल्या, गिरक्या घेतल्या आणि पुन्हा जमिनीवर आणून सोडले. एडविनला विमानाच्या दांड्याला बोटही लावू दिले नाही. पैसे संपले आणि विद्या मात्र होती तेथेच राहिली. तरीही त्याने विमानाचा नाद सोडला नाही. कारखान्यातून वेळ मिळेल तेव्हा तो विमानतळावर जाई आणि थोडे थोडे शिके. अशा रीतीने तो वैमानिक झाला. पण शिकताना झालेला खर्च आणि पत्करलेला धोका यांचा त्याला विसर पडला नाही. विमानाचा दांडा, त्याचे सुकाणू आणि त्याचे कलणे यांची ओळख जमिनीवरच का करून देता येऊ नये, हा प्रश्न त्याच्या मनात घोळू लागला.

उत्तर त्याच्या हाताशीच होते. १९२७ साली त्याने कारखान्याच्या तळघरात काम सुरू केले. सुमारे दीड वर्षाच्या खटपटीनंतर एक चमत्कारिक यंत्र तयार झाले. आखूड पंखांचे आणि लहानशा शेपटीचे ते एक बुटके विमान होते. त्याच्या खाली चाकांच्या ऐवजी ऑर्गनचे भाते बसवलेले होते. आत बसलेल्या माणसाने दांडा हलवला, की झडपा उघडत, एका बाजूच्या भात्यातील हवा खेचली जाई, तो भाता मिटे आणि सारे यंत्र त्या बाजूस कले. पायांनी सुकाणू दाबले, की ते गर्रकन वळे. नाक वर करणे, खाली करणे, एका पंखावर झुकणे, हे सारे त्यास येत असे. येत नसे ते एवढेच, की जमीन सोडणे!

१९२९ साली लिंकने या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. एकस्व म्हणजे आपल्या शोधावरील कायदेशीर हक्क. तो त्यास १९३१ साली मिळाला. पण गिऱ्हाईक मिळेना. विमानविद्येतील जाणत्या मंडळींना ते एक खेळणे वाटले. म्हणून लिंकची आरंभीची बरीच यंत्रे जत्रेसारख्या करमणुकीच्या ठिकाणी गेली आणि नाणे टाकून मुले त्यांत बसू लागली. याच सुमारास अमेरिकेत मोठी मंदी आली. लिंकने विमान शिकवण्याची शाळा काढली. विमानाच्या पंखांखाली दिवे बसवून रात्रीच्या आकाशात जाहिराती दाखवण्याचा धंदाही केला. त्या दिव्यांची उघडझाप करण्यासाठी त्याने पियानोतील युक्तीच वापरली. या कष्टाच्या दिवसांत, १९३१ साली, मॅरियन क्लेटन हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे तिने त्याला प्रत्येक उद्योगात मनापासून साथ दिली.

त्याच वर्षी एका दर्यावर्दी गिऱ्हाइकाने त्याचे यंत्र विकत घेतले. अमेरिकेच्या नौदलाने फ्लोरिडातील पेन्साकोला येथील आपल्या विमानतळासाठी एक यंत्र मागवले. नौदलाच्या वैमानिकाचे काम मुळातच अवघड असते. त्याला समुद्रात चालत्या, हेलकावे खाणाऱ्या विमानवाहू नौकेवर उतरावे लागते. तेथे धावपट्टी आखूड असते आणि चुकल्यास खाली अथांग पाणी असते. अशा माणसांना जमिनीवरील सरावाचे मोल लवकर कळले, यात नवल नाही.

भूदलाच्या विमानदलाला हे मोल कळण्यास मात्र मोठी किंमत द्यावी लागली. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने टपाल वाहून नेण्याचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून या दलाकडे सोपवले. हिवाळा कडक होता. रात्री, बर्फाच्या वादळात आणि धुक्यात विमाने न्यावी लागत. धुक्यात सापडलेल्या वैमानिकास जमीन दिसत नाही, क्षितिज दिसत नाही. शरीराचा तोल सांभाळणारे कानातील इंद्रियही अशा वेळी फसवते. विमान वळत असताना ते सरळच चालले आहे, असे त्याला वाटते. तेव्हा स्वतःच्या जाणिवेवर विश्वास न ठेवता समोरच्या उपकरणांच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. ही गोष्ट सरावावाचून साधत नाही आणि तसा पुरेसा सराव या वैमानिकांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत डझनभर तरुण प्राणांस मुकले. साऱ्या देशात हळहळ झाली.

लिंकने आपल्या यंत्रात ही उपकरणे आता बसवली होती. यंत्रावर झाकण लावून घेतले, की आत बसलेल्यास बाहेरचे काहीच दिसत नसे. केवळ काटे पाहून त्याला मार्ग काढावा लागे. स्वतः लिंकनेही असाच अभ्यास केला होता. भूदलाचे काही अधिकारी नेवार्क येथील विमानतळावर त्याची भेट घेण्यासाठी थांबले होते. त्या दिवशी हवा इतकी वाईट होती, की विमानाने कोणी येईल ही आशा सोडून ते परतण्याच्या बेतात होते. इतक्यात धुक्यातून एक विमान खाली आले आणि त्यातून लिंक उतरला. त्याच्या यंत्रावरील विद्येचा याहून चांगला पुरावा कोणता असणार? त्या वर्षी विमानदलाने सहा यंत्रे विकत घेतली. एकेकाची किंमत साडेतीन हजार डॉलर होती.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले आणि लाखो तरुणांना वैमानिक करण्याची वेळ आली. निळ्या रंगाच्या त्या बुटक्या विमानात सर्वांना बसावे लागे. शिक्षक बाजूच्या मेजाशी बसून आतल्या विद्यार्थ्याला कानातल्या यंत्रातून सूचना देई. मेजावरच्या नकाशावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र खेकड्यासारखे सरकत असे आणि विद्यार्थी कोणत्या वाटेने गेला, ते शाईने रेखीत जाई. रेघ वाकडी गेली, की विद्यार्थ्याला आपली चूक स्वच्छ दिसे. काल्पनिक डोंगरावर आदळलेला तो तरुण झाकण उघडून सुखरूप बाहेर येई आणि पुन्हा आत जाऊन बसे. युद्धकाळात अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि सुमारे पाच लाख वैमानिक त्यांवर शिकले.

लिंक धनवान झाला, पण स्वस्थ बसला नाही. आकाशानंतर त्याला समुद्राच्या तळाने ओढून घेतले. १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेलेल्या जमैकातील पोर्ट रॉयल या शहराचा त्याने १९५९ साली शोध घेतला. पाणबुड्यांना खोल पाण्यात दीर्घकाळ राहता यावे, म्हणून १९६२ साली त्याने धातूचे एक नळकांडे बनवले. त्याच्या आधारे एक पाणबुडा दोनशे फूट खोल पाण्यात चोवीस तासांहून अधिक काळ राहिला. त्यानंतर त्याने समुद्रतळ पाहण्यासाठी चार माणसांची एक पाणबोट तयार केली. ती १९७१ साली पाण्यात उतरली.

हीच पाणबोट त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दुःखास कारण झाली. १७ जून १९७३ रोजी ती फ्लोरिडाजवळ बुडालेल्या एका युद्धनौकेच्या सांगाड्यात अडकली. आत चौघे जण होते. त्यांत लिंकचा मुलगा क्लेटन होता. वर जहाजावर सुटकेचे प्रयत्न चालू होते. पण पाणबोट वर येण्यास एक दिवसाहून अधिक वेळ लागला. पुढच्या भागातील दोघे वाचले. मागच्या भागातील क्लेटन आणि त्याचा एक सहकारी मरण पावले होते. ज्याने हजारो पित्यांचे पुत्र वाचवले, त्याला आपला पुत्र वाचवता आला नाही.

त्या वेळी लिंकचे वय एकोणसत्तरच्या घरात होते. शोकाने तो खचून बसला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु तो पुन्हा कामास लागला. समुद्रतळाशी अडकलेल्या पाणबोटीला सोडवण्यासाठी, आत माणूस न बसता वरूनच चालवता येईल, असे एक साधन त्याने तयार केले. आपल्यावर आलेला प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये, हीच त्यामागील तळमळ होती. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे त्याचे निधन झाले.

लिंकच्या भात्यांची जागा आता संगणकांनी घेतली आहे. या यंत्रांना सिम्युलेटर म्हणतात. नौदलाचे लढाऊ वैमानिक त्यांत बसून पडद्यावरील समुद्रात विमानवाहू नौका शोधतात आणि रात्रीच्या अंधारात तिच्यावर उतरण्याचा सराव करतात. निरनिराळ्या खोल्यांतील यंत्रे एकमेकांना जोडली, की सारी तुकडी एकाच काल्पनिक आकाशात रांग धरून उडू शकते. गोव्यातील आय.एन.एस. हंसा या भारतीय नौदलाच्या तळावर विमानवाहू नौकेवरच्यासारखी चढती धावपट्टी जमिनीवरच बांधलेली आहे. समुद्रावर जाण्यापूर्वी वैमानिक तेथे हात बसवून घेतात. हौशी मंडळी तर घरच्या संगणकावरही अशा तुकड्या उभारून मोहिमांचा सराव करतात.

माणूस शिकताना चुकणारच, हे लिंकने ओळखले होते. चुकणाऱ्याला त्याने कमी लेखले नाही. चूक करण्यासाठी त्याला एक निर्धोक जागा मिळावी आणि चुकल्यावर पुन्हा आरंभ करता यावा, यासाठी तो जन्मभर झटला. म्हणूनच जमीन न सोडणाऱ्या त्याच्या विमानाने असंख्य वैमानिकांना आकाशातून सुखरूप घरी आणले.