दत्तूची आई : लक्ष्मीबाई टिळक

आईची थोरवी गाणारे साहित्य मराठीत उदंड आहे. पण स्वतः आई असलेल्या एका स्त्रीने आपला संसार आणि आपली श्रद्धा यांची कहाणी हसत हसत सांगावी, असे क्वचितच घडले. कै. लक्ष्मीबाई टिळक यांनी ते केले. अभ्यासाच्या निमित्ताने ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतले आणि लेखिकेपेक्षा त्यातली आईच माझ्या मनात घर करून राहिली. तिच्याविषयी चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. आजोबांना १८५७च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी लहान वयातच नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. टिळक कवी, बुद्धिमान, पण अत्यंत लहरी. घर सोडून केव्हा निघून जातील याचा नेम नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली. पहिली अपत्ये लहानपणीच गेली. पुढे दत्तू झाला, तोच त्यांचा जीव की प्राण.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी हा घरावर कोसळलेला वज्राघातच होता. पती हयात असून दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू, आणि बाप मुलाला घेऊन जाईल ही नातेवाइकांची भीती. लक्ष्मीबाईंनी मुलाला उराशी धरून काही वर्षे पतीपासून दूर काढली. पंढरपूरला राहिल्या. या काळात दुःख हलके करावयास त्यांनी कविता जवळ केली. पण पतीविषयीचा ओलावा आटला नाही आणि दत्तूला बापाला कायमचे पारखे करणेही त्यांच्या मनाला पटेना.

अखेर त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे गेल्या. मात्र धर्म सोडून नव्हे. आपली चूल, आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. येथेच मला त्यांचे खरे मोठेपण दिसते. पतीने सांगितले म्हणून त्यांनी काही सोडले नाही आणि समाजाच्या भीतीने काही धरूनही ठेवले नाही. माणूस देवाने केला, मग जाती कोणी केल्या, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर मिळताच वडिलांच्या घरातून आलेले सोवळे त्यांनी उतरवून ठेवले. त्यानंतर १९०० साली राहुरीला त्यांनी दत्तूसह दीक्षा घेतली.

आमच्या कबनूरला मागांच्या शेडमध्ये सर्व जातिधर्मांची माणसे एका छपराखाली राबतात. बायका घरोघर कांड्या भरतात. तरीही पाण्याचा तांब्या पुढे करताना एखादा हात अजून अडखळतो, हे मी पाहिले आहे. म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका स्त्रीने एकटीने घेतलेला हा निर्णय मला लहान वाटत नाही.

श्रद्धा बदलली तशी मायेची कूसही रुंदावली. दुष्काळात अनाथ झालेली मुले राहुरीच्या घरी आली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, रांधून वाढणे हे लक्ष्मीबाईंच्या अंगवळणी पडले. टिळकांचा हात देता देता रिता होई. घरात काही शिल्लक राहील ही काळजी वाहणारी त्यांची पत्नी होती. टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. त्या भजनांमागे ही धगधगती चूलही होती, हे विसरून चालणार नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या या विधवेने पुढचे चौसष्ट अध्याय रचले! दरम्यान मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, ख्रिस्ती कीर्तने केली. १९३३ साली नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. दत्तूचे देवदत्त नारायण टिळक झाले होते. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आईच्या आठवणी त्यांनीच वाचकांपुढे आणल्या. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा लेखन अपुरे होते. शेवटचा भाग मुलाने पुरा केला.

पतीचे अपुरे काव्य पत्नीने पुढे न्यावे आणि तिचे अपुरे चरित्र मुलाने पुरे करावे, हा योग मोठा हृद्य आहे. लक्ष्मीबाईंनी कोणाला उपदेश केला नाही. त्यांची भक्ती देवळापुरती किंवा चर्चपुरती उरली नाही. ती ताटात वाढली गेली. आईपण आणि उपासना या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे त्यांनी जगून दाखविले. त्यांच्या जीवनातून मी तरी हेच शिकले.