राजा सर टी. माधवराव : कर सोडून तिजोरी सावरणारा दिवाण

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोरील चौकात एक पुतळा उभा आहे. तेथील जनता त्या चौकाला नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणते. बसवाहकही त्याच नावाने हाक देतो. कचेरीच्या कामासाठी मी तेथे गेलो असता पुतळा कोणाचा, असे एका दुकानदाराला विचारले. त्याने दिवाणाचा म्हणून सांगितले. तो दिवाण मराठी घरातला होता हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर आपल्यापैकी तरी किती जणांना ते ठाऊक असेल? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, परप्रांतात आयुष्य वेचलेल्या या थोर पुरुषाचे स्मरण करणे म्हणूनच उचित वाटते.

माधवरावांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि त्या राज्याच्या आश्रयाने अनेक मराठी घराणी कावेरीकाठी स्थिरावली. अशाच एका देशस्थ ब्राह्मण घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. वडील रंगराव व चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानचे दिवाणपद भूषविले होते. मद्रासच्या सरकारी विद्यालयात पॉवेल नावाच्या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली माधवरावांनी गणित व विज्ञान यांत प्रावीण्य मिळविले आणि पुढे मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत ते नोकरीस लागले. हिशेबाची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती तेथेच. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. काही वर्षांनी ते महसूल खात्यात शिरले आणि दिवाण पेष्कार, म्हणजे एका विभागाचे मुख्य महसुली अधिकारी झाले. १८५७ च्या अखेरीस दिवाणपद रिकामे पडले, तेव्हा ती जबाबदारी एकोणतीस वर्षांच्या या तरुणाकडे आली.

ती वेळ मोठी कठीण होती. ब्रिटिशांना दरवर्षी आठ लक्ष रुपयांची खंडणी द्यावी लागे, नोकरांचे पगार थकलेले असत आणि संस्थानावर कर्ज होते. कारभार सुधारला नाही तर संस्थान खालसा करण्याची धमकी डलहौसीच्या अमदानीत, १८५५ साली, येऊन चुकली होती. अशा प्रसंगी सामान्य कारभाऱ्याला एकच उपाय सुचतो : नवा कर बसवावा, नाहीतर जुन्याची वसुली अधिक कडक करावी. माधवरावांनी नेमकी उलट वाट धरली.

त्या काळी मिरी आणि तंबाखू यांची मक्तेदारी हा संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. शेतकऱ्याने मिरी सरकारलाच व सरकार ठरवील त्याच भावाने विकावयाची. तंबाखू सरकारनेच विकावयाची, तीही चढ्या दराने. परिणामी मिरीचे वेल लावण्याचा उत्साह मावळला आणि तंबाखूची चोरटी आयात बोकाळली. चोरटी आयात रोखण्यासाठी पहारे, पहारेकऱ्यांचा जुलूम आणि त्यातून लाचलुचपत, अशी ती साखळी होती. माधवरावांनी १८६० साली मिरीची मक्तेदारी उठवून तिच्या जागी निर्यात जकात बसविली. त्यानंतर तंबाखूची मक्तेदारीही उठवून आयात जकात ठेवली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उतरविली. दर उतरला तसा चोरट्या व्यापारातील नफा संपला आणि उघड व्यापार वाढला. ज्यांच्या वसुलीचा खर्च व त्रास उत्पन्नाच्या मानाने जड होता, असे कितीतरी किरकोळ कर त्यांनी रद्द केले. १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान व कोचीन यांच्याशी करार होऊन परस्परांतील व्यापारावरील जकातीचे बहुतेक अडथळे दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीचे हक्क मिळाले. नोकरांचे पगार वाढविले, रस्ते व शाळा काढल्या आणि तरीही कर्ज फिटून तिजोरीत शिल्लक राहू लागली. फॉसेटसारख्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गोशी केली. १८६६ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

मात्र चरित्रलेखकाने केवळ जमेची बाजू मांडू नये. १८५९ साली नाडार स्त्रियांच्या अंगवस्त्राच्या हक्कावरून दक्षिण त्रावणकोरात दंगे झाले, तेव्हा दिवाण या नात्याने माधवरावांनी आरंभी जुन्या रूढीचीच पाठराखण केली. मद्रास सरकारचा दाब आल्यावर त्या वर्षीच्या जुलैत परवानगीचा जाहीरनामा निघाला, आणि तोही अटी घालून. जकातीच्या बाबतीत काळाच्या पुढे पाहणारी त्यांची दृष्टी येथे तोकडी पडली.

१८७२ साली त्यांनी त्रावणकोर सोडले. मद्रासला विश्रांती घेण्याचा त्यांचा मानस होता; परंतु तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरचे दिवाण झाले. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आल्यावर बडोद्याचा बिघडलेला कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा अज्ञान होते. माधवरावांनी इजारदारांच्या हातातील महसूल सोडविला, सावकार व सरदार यांच्या जुन्या भानगडी मिटविल्या आणि तरुण महाराजांसाठी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापलेली आहेत. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन, ही शिकवण सयाजीरावांनी पुढे स्वतंत्र बुद्धीने कितीतरी पुढे नेली. १८८२ साली माधवराव निवृत्त झाले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षाच्या आरंभी त्रावणकोरात एक महत्त्वाची घटना घडली. दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा ‘मलयाळी मेमोरियल’ हा अर्ज महाराजांकडे गेला. बाहेरून आलेल्या ब्राह्मणांनी मोठ्या जागा व्यापल्या असून येथल्या शिकलेल्या माणसाला वाव नाही, ही त्यातील तक्रार होती. माधवरावांचे घराणे अशाच अधिकाऱ्यांच्या परंपरेतले होते. तक्रार खरी होती, आणि ती मांडणारी शिकलेली पिढी त्यांच्याच काळात वाढीस लागलेल्या शिक्षणातून उभी राहिली होती, हेही तितकेच खरे. परप्रांतात अधिकारपदावर बसणाऱ्या आपण सर्वांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात, असे मला नम्रपणे वाटते. आपण ज्या गावी राहतो तेथील लोकांचा हक्क पहिला. त्यांचे ओझे आपल्यामुळे थोडे हलके झाले असेल, तरच आपला तेथला मुक्काम सार्थकी लागला म्हणावयाचा.

माधवरावांनी महाराष्ट्रात कधी नोकरी केली नाही. त्यांचा पुतळाही अशा शहरात आहे, जेथे मराठी क्वचितच कानी पडते. तरी दीडशे वर्षांपूर्वी मिरीच्या वेलावरचे सरकारी बंधन सोडविणाऱ्या त्या दिवाणाला तिरुवनंतपुरमने भर चौकात जागा दिली आहे. तेथे जाण्याचा योग आल्यास वाचकांनी क्षणभर थांबून त्यांना नमस्कार करावा.