डॉ. सुनंदा अवचट : व्यसनग्रस्तांची माउली

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला उपचारासाठी कोठे न्यावे, हा प्रश्न जालना जिल्ह्यातील अनेक घरांपुढे उभा असतो. सुमारे ३०० किलोमीटरवरील पुणे गाठायचे, तर सोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडते. व्यसनमुक्तीच्या सरकारी अनुदानाला कात्री लागली की पहिली झळ अशाच घरांना बसते. या पार्श्वभूमीवर आम्ही आज डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहोत.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांचा अनिल अवचट यांच्याशी परिचय झाला व पुढे विवाह झाला. अनिलरावांनी वैद्यकी सोडून सामाजिक लेखन पत्करले, तेव्हा संसाराचा आर्थिक भार सुनंदाताईंनी उचलला. मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्या येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयात सेवा करीत होत्या.

१९८० नंतर ब्राउन शुगर म्हणजेच ‘गर्द’ने शहरांतील तरुणांना विळखा घातला. अनिलरावांचे गर्दुल्ल्यांविषयीचे लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. लोकांची देणगी आणि शासनाची जागा एकत्र आल्यामुळेच हे शक्य झाले.

तेथे येणारा बहुधा घरच्यांचा विश्वास गमावून आलेला असे. सुनंदाताईंनी त्याला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले. धाक व मारहाण यांना त्यांनी थारा दिला नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी इतरांच्या मदतीला उभे केले, रुग्णांच्या पत्नींचे दुःख ऐकून घेतले आणि पाय घसरून परत आलेल्यालाही पुन्हा आत घेतले. कर्करोगाने ग्रासल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे कार्य पुढे चालविले.

व्यसनमुक्तीचे कार्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची केंद्राची योजना १९८५-८६ पासूनची आहे. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काहीतरी उपचार मिळतो. दुसरीकडे जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवून वर्षाला १४,००० कोटी रुपयांच्या अधिक महसुलाचे लक्ष्य ठेवले. ज्या बाटलीतून तिजोरी भरते, त्याच बाटलीने मोडलेल्या माणसाच्या उपचारासाठी हात आखडता घेणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

अनुदान रखडले की समुपदेशकाचे वेतन थांबते, खाटा कमी होतात आणि घसरलेला माणूस परत आला तर त्याला आधार देणारे कोणी उरत नाही. सुनंदाताईंनी अशा माणसाला कधी माघारी पाठविले नाही. शासनाने आणि समाजानेही त्याला माघारी पाठवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.