विद्यापीठांचा कैवारी : मेघनाद साहा

संशोधनासाठी सरकारने पैसा खर्चावा की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. तो कोणाच्या हाती द्यावा, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची योजना त्यात आखण्यात आली. त्यातील मोठा वाटा सरकारी तिजोरीबाहेरून यावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. विद्यापीठांत व महाविद्यालयांत संशोधनाचे बीज रुजविणे हा तिचा जाहीर हेतू आहे. याच हेतूसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. मेघनाद साहा यांचे स्मरण अशा वेळी अगत्याचे ठरते.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, एका गरीब दुकानदाराच्या घरी झाला. शिष्यवृत्तीच्या आधारावरच ते शिकू शकले. वंगभंगाच्या चळवळीत १९०५ साली गव्हर्नरांच्या भेटीचा निषेध केल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली आणि शाळाही सोडावी लागली. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे इतरांच्या पंक्तीला बसण्याची त्यांना बंदी होती. गरीब मुलाच्या दृष्टीने सरकारी अनुदान म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात विज्ञान महाविद्यालय उभे केले, ते तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांवर. परकीय सरकारने हात आखडताच ठेवला होता. तेथे अध्यापन करीत असताना, १९२० साली, साहांनी तारकांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीकरणाचे समीकरण मांडले आणि खगोलभौतिकीला नवे वळण दिले. हे काम कागद-पेन्सिलीवर झाले. त्याचा प्रायोगिक पडताळा घ्यावयाचा, तर उपकरणे हवी होती. युरोपातून परतल्यावर कलकत्त्यात पैसा मिळेना, म्हणून १९२३ साली ते अलाहाबादला गेले. तेथेही अनेक वर्षे अध्यापनाचा भार आणि रिकामी प्रयोगशाळा हेच त्यांच्या वाट्यास आले. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिल्यानंतर कोठे प्रांतिक सरकारने वार्षिक पाच हजार रुपये मंजूर केले. मदतीची गरज असताना ती मिळाली नाही. कीर्ती झाल्यावर मिळाली. आपल्या अनुदानपद्धतीची ही खोड जुनीच म्हणावयाची.

१९३८ साली ते कलकत्त्यास परतले. त्यांच्या विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारण्यासाठी टाटा विश्वस्त निधीने साहाय्य दिले. परंतु महायुद्धामुळे काम रखडले आणि यंत्र सुरू होण्यास पुष्कळ वर्षे लागली. तरीही १९५० साली विद्यापीठाच्या आश्रयाने अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन झाले.

स्वातंत्र्यानंतर खरा मतभेद उघड झाला. १९४५ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक डॉ. होमी भाभा १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. हा आयोग इतक्या लवकर नेमू नये, आधी उद्योग उभारावेत व विद्यापीठांतून माणसे तयार करावीत, अशी साहांची भूमिका होती. त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. भाभांच्या मार्गाने देशाला मोठे फळ मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. विखुरलेल्या, गटबाजीने पोखरलेल्या विद्यापीठांकडून ते तितक्या वेगाने झाले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. साहांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. तथापि त्यांच्या आक्षेपातील मर्म खोटे ठरले नाही. संशोधन एका कुंपणात आणि अध्यापन दुसऱ्या कुंपणात गेले, की पुढच्या पिढीला शिकविणारा शिक्षक ज्ञानाच्या उगमापासून तुटतो.

राधाकृष्णन आयोगाचे सदस्य म्हणून, आणि १९५२ पासून अपक्ष खासदार म्हणून, विज्ञान व शिक्षणाचे प्रश्न त्यांनी सोडले नाहीत. आज शासकीय राजपत्रावर छापली जाणारी शकाची तारीखही त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीची देणगी आहे. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु ती आज अणुऊर्जा खात्याच्या अनुदानावर चालते, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

संशोधन व विकासावरील आपला खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच होता. तो वाढावयास हवा, याबद्दल दुमत नाही. मात्र वाढीव पैसा नावाजलेल्या मोजक्या संस्थांकडेच वळणार असेल, तर केवळ आकडा फुगेल. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात, रिकाम्या जागांचे काम अंगावर घेऊन शिकविणाऱ्या प्राध्यापकाला वेळेवर थोडी रक्कम, एखादे उपकरण आणि एखादा संशोधक विद्यार्थी मिळतो की नाही, हीच नव्या प्रतिष्ठानाची कसोटी होय. अलाहाबादच्या रिकाम्या प्रयोगशाळेतील साहा आजही अशा महाविद्यालयांत असतील. त्यांना परदेशातून मान्यता मिळेपर्यंत थांबावयास लावणे देशाला परवडणारे नाही.