शेणमाऱ्यापलीकडची सावित्रीबाई

वैनगंगेच्या तीरावरील गोसीखुर्द असो वा पुणे, लेकीला वाचून दाखविलेले सावित्रीबाई फुले यांचे बालचरित्र बहुधा १८४८ ची शाळा आणि अंगावर पडलेले शेण यांपाशीच थांबते. परंतु १८३१ मध्ये नायगावी जन्मलेल्या या स्त्रीचे धैर्य तेथे संपले नाही. १८६३ मध्ये फुले दांपत्याने गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. आश्रयास आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनीच धरले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. शेणाची गोष्ट मुलीला सोसणे शिकविते. पुढील आयुष्य निर्णय घेणे शिकविते. ती पाने गाळता कामा नयेत.