भारतानंद : मॉरिस फ्रीडमन

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की हैदराबादेत तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार भरतो. मलकपेठेतल्या आपल्या घरांतली कपाटे उघडली तर त्या बाजारातला एखादा स्वेटर किंवा मफलर बहुतेक ठिकाणी निघेल. घासाघीस केली तरी न चिडणारी, हसतमुख माणसे. माल बहुधा लुधियानाचा असतो, पण विकणारे कुठले असे विचारले तर उत्तर अनेकदा ल्हासा नसून बैलकुप्पे किंवा मुंडगोड असे येते. दोन्ही गावे कर्नाटकातली. यांच्या आजी-आजोबांना तिथे जमीन मिळाली, घर मिळाले, शाळा मिळाल्या. ते घडावे म्हणून ज्यांनी उंबरठे झिजवले, त्यांत औंध संस्थानाच्या मातीत मुरलेला एक पोलिश ज्यू होता. त्यांचे नाव मॉरिस फ्रीडमन. संन्यासाश्रमातले नाव भारतानंद.

फ्रीडमन १९०१ साली वॉर्सा शहरात एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मले. बुद्धी तल्लख. शिकून विजेचे इंजिनिअर झाले, फ्रान्समध्ये नोकरी केली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या नजरेत हा हुशार तरुण भरला आणि त्यांनी १९३५च्या सुमारास त्यांना बंगळूरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीवर आणले. हेच मिर्झासाहेब पुढे १९४६-४७ साली आपल्या निजामाचे पंतप्रधान झाले. माणसे पारखण्याची त्यांची दृष्टी चांगली होती. फक्त या वेळी त्यांना इंजिनिअर हवा होता आणि हाती लागला बैरागी. फ्रीडमन तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जाऊन बसू लागले, प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागले. पुढे कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून (आपले समर्थ नव्हेत, हे केरळातले विसाव्या शतकातले संत) त्यांनी संन्यास घेतला. फॅक्टरीत भगव्या कपड्यांत जाऊ लागले. पगार वाटून टाकत. दिवाणांची पंचाईत झाली असणार, पण काम चोख होते, म्हणून चालून गेले म्हणतात.

अशा या गृहस्थांना महाराष्ट्रात आणले ते औंधच्या अप्पासाहेब पंतांनी. अप्पासाहेब म्हणजे सूर्यनमस्कारांचे कैवारी राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. विलायतेहून नुकतेच परतलेले, डोक्यात गांधी. त्यांनी दिवाणांकडून फ्रीडमनना काही महिन्यांसाठी अक्षरशः उसने मागून घेतले. उसने घेतलेले परत करायचे राहूनच गेले.

औंध म्हणजे बहात्तर गावांचे, पाऊण लाख वस्तीचे संस्थान. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले आणि बरेचसे दुष्काळी. पण तिथल्या राजाचा एक गुण हैदराबादकरांनी आठवणीत ठेवावा असा. आपल्या शहरात चित्रकार म्हणून नाव कमावलेले पंडित सातवळेकर इथल्या सरकारच्या रोषामुळे गाव सोडून गेले, तेव्हा पुढे त्यांना निवांत बसून वेदांचे काम करायला जागा मिळाली ती औंधातच. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे थारा होता.

१९३८ साली राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायचे ठरवले. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, त्यात फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. जानेवारी १९३९मध्ये ती अमलात आली. गावोगाव पंचायत, तिच्यावर तालुका, वर विधिमंडळ. इतर संस्थानांत प्रजेवर लाठ्या पडत होत्या त्या काळातली ही गोष्ट. फ्रीडमन गावोगाव पायी फिरत. चरख्यापेक्षा स्वस्त आणि सुटसुटीत अशी धनुष तकली त्यांनी तयार केली, ती गांधीजींना फार आवडली.

आटपाडीजवळ याच सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेचे कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात, असा प्रकार. औंधातच शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. या वसाहतीच्या मागे उभा असलेला पोलिश संन्यासी पडद्यावर कुठे नाही, आणि तो असावा असे त्यालाही वाटले नसते.

मला स्वतंत्रपूर महत्त्वाचे वाटते ते पुढच्या कामामुळे. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही अशा माणसाला कुटुंबासह एका जागी बसवायचे, कसायला जमीन द्यायची, त्याचा कारभार त्याला करू द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचे. वीस वर्षांनी तिबेटी लोकांसाठी फ्रीडमननी जे मागितले ते याहून फार वेगळे नव्हते.

मधल्या काळात जगाची उलथापालथ झाली. युद्धापूर्वी वॉर्सात साडेतीन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. नाझींनी त्यांना कोंडवाड्यात घातले आणि मग छळछावण्यांत नेऊन मारले. फ्रीडमन ज्या गल्ल्यांत वाढले तो मोहल्लाच पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्याच युद्धात सैबेरियात हाकलले गेलेले पोलिश लोक फिरत फिरत हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश बायका-मुले-म्हातारी राहिली. कोल्हापूरकर त्यांची आठवण अजून काढतात. त्या निर्वासितांसाठी राबणाऱ्या पोलिश रेडक्रॉसच्या कीरा बानासिन्स्का पुढे कित्येक वर्षे आपल्या हैदराबादेतच राहिल्या, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. वळिवड्याच्या मुलांना या देशाची ओळख करून द्यायला वांदा दिनोव्स्का जात असत. गांधीजी त्यांना उमादेवी म्हणत. उमादेवी आणि फ्रीडमन यांनी मिळून १९४४ साली पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. आपले धर्मग्रंथ पोलिश भाषेत नेले.

मार्च १९५९च्या अखेरीस दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. मागोमाग हजारो माणसे आली. आसामात मिसामारी आणि बंगालात बक्सा येथे छावण्या उघडल्या. थंड पठारावरची ही माणसे आसामच्या उन्हाळ्यात लोकरीच्या जाड कपड्यांत बांबूच्या झोपड्यांमध्ये येऊन पडली. पाणी मानवेना, रोग पसरले. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती स्थापन झाली, फ्रेडा बेदी छावणीत जाऊन राहिल्या, देशातून आणि परदेशांतून धान्य, औषधे, कपडे येऊ लागले. गंगटोकला भारत सरकारचे प्रतिनिधी होते ते आपले अप्पासाहेब पंतच. १९५५पासून ते तिथे होते, तिबेटची नाडी जाणत होते. १९५८ साली नेहरू चुंबी खोऱ्यातून भूतानला पायी गेले तेव्हाही बरोबर होते.

कपडे आणि औषधे देणारे पुष्कळ असतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. छावणी किती दिवस चालवायची? धडधाकट माणसांना सरकारने हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवले. खडी फोडायची, दरडींखाली राहायचे, आज इथे तर उद्या तिथे. लहान मुले बापापासून दूर. काम होते, पोट भरत होते, पण अशाने दहा वर्षांत ही माणसे देशभर विखुरली असती आणि त्यांची भाषा, देव, चालीरीती सगळे मातीत गेले असते. फ्रीडमन आणि उमादेवी या कामात पडले ते नेमके इथे. त्यांनी नेहरूंकडे लकडा लावला, की यांना एकत्र राहता येईल अशा जागा द्या, शेतजमीन द्या, यांच्या मुलांना यांच्या भाषेसह शिकता येईल अशा शाळा द्या. नेहरूंनी राज्यांना विचारले. म्हैसूर राज्याने पुढे होऊन बैलकुप्प्याजवळ सुमारे तीन हजार एकर जंगल देऊ केले. याचे श्रेय एकट्या फ्रीडमनचे नव्हे. नेहरूंचा शब्द, म्हैसूर सरकारचे औदार्य आणि दलाई लामांचा आग्रह हे सारे त्यात आहेच. पण सरकारी फायलींना पाय नसतात. त्या हलवायला कोणीतरी लागतो, आणि असा माणूस पदरमोड करून धावणारा असला तर काम होते.

१९६०च्या डिसेंबरात ६६६ जणांची पहिली तुकडी बैलकुप्प्याला उतरली. समोर दाट जंगल, हत्तींचा वावर, राहायला तंबू. झाडे तोडायची मजुरी मिळे, माणशी एकेक एकर जमीन ठरली. सातू पिकवणाऱ्या हातांनी मका लावायला शिकून घेतले. उन्हाने आणि आजारांनी बरेच दगावले, काही परत डोंगराकडे जाऊ पाहत होते. पण सहकारी सोसायटी उभी राहिली, मठ उभे राहिले, तिबेटी शाळांसाठी १९६१ साली स्वतंत्र संस्था निघाली. मग त्याच धर्तीवर मैनपाट, मुंडगोड, चंद्रगिरी. १९७२ साली महाराष्ट्रातही एक वसाहत झाली : नवेगाव बांधाच्या परिसरात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. नोर्ग्येलिंग तिचे नाव. तो तेव्हा भंडारा जिल्हा होता, आता गोंदिया. विदर्भाकडे ज्यांचे सोयरेधायरे आहेत त्यांनी एकदा वाट वाकडी करून जावे. धानाच्या बांध्यांमध्ये प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतील.

उमादेवी शेवटपर्यंत तिबेट्यांमध्येच राहिल्या आणि १९७१ साली म्हैसूरला वारल्या. फ्रीडमन मुंबईत होते. वय झाले होते, पण ऐकण्याची भूक तीच होती. गिरगावात खेतवाडीच्या एका गल्लीत माळ्यावर निसर्गदत्त महाराज बसत. मूळचे कोकणातल्या कांदळगावचे मारुती कांबळी, धंदा विडीचा, शिक्षण बेताचे. ठसकेबाज मराठीत ते जे बोलत ते टेपवर घेऊन फ्रीडमननी इंग्रजीत उतरवले. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक १९७३ साली मुंबईच्या चेतनाने काढले आणि पाहता पाहता जगभर गेले. कोण कुठली गोरी माणसे खेतवाडीचा पत्ता विचारत येऊ लागली. औंधची घटना, स्वतंत्रपूर, बैलकुप्पे यांपैकी कशावर फ्रीडमन यांच्या नावाची पाटी नाही. या पुस्तकावर मात्र भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव छापलेले आहे.

१९७६च्या मार्चमध्ये मुंबईतच ते गेले. महाराज शेवटच्या वेळी उशाशी होते.