डंकन एडवर्ड्स

इंग्लंडमधील डडली येथे १ ऑक्टोबर १९३६ रोजी डंकन एडवर्ड्स यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९५३ मध्ये, ते मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघातून खेळू लागले. मधल्या फळीत राहून प्रतिस्पर्ध्यांचे आक्रमण थोपवणे आणि आपल्या संघाची चढाई उभारणे, ही दोन्ही कामे ते समर्थपणे करीत. १९५५ मध्ये त्यांची इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाली.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे उड्डाण करताना युनायटेड संघाच्या विमानाला अपघात झाला. गंभीर जखमी एडवर्ड्स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजले. २१ फेब्रुवारीला, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. तरीही डडलीतील सेंट फ्रान्सिस चर्चच्या रंगीत काचांवर डडलीकरांनी त्यांची स्मृती जपली आहे.